पोर कोणाची?

बसा सुमंतराव. तिकडे नको, इकडे मेणबत्तीजवळ या. लाइट आताच गेली आणि आमचा इन्व्हर्टर नुसता नावाला आहे. तुमच्या मंडळाला कार्यक्रमासाठी प्रभाकुंजचा हॉल घ्यायचा आहे, आणि मी तिथे जाऊन आलो आहे म्हणून विचारायला आलात. बरं केलंत. हॉल चांगला आहे हो, कोण नाही म्हणतं? ऐंशी खुर्च्या, जुन्या लाकडाचं छत, माइक लागत नाही. महाल भागातल्या एवढ्या गजबजाटात असून आत हॉर्नसुद्धा ऐकू येत नाही. आवाज आतल्या आत राहतो.

पण होकार कळवायच्या आधी माझं पूर्ण ऐकून घ्या. नूपुर आत पडली आहे. ती उठायच्या आत सांगून टाकतो.

फेब्रुवारीतली गोष्ट. त्या दिवशी दुपारी मी इतवारीत शाली आणायला गेलो होतो. चार शाली, चार नारळ. संध्याकाळी नूपुर आणि तिच्या तीन सोबत्यांचा कार्यक्रम, आणि कलाकारांचा सत्कार नको का करायला? नूपुर कपाळाला हात लावून म्हणाली, "बाबा, तिथे असं नसतं." मी म्हटलं, "तिथे म्हणजे कुठे वं? महालातच आहे ना?" ती हसली आणि सोडून दिलं. माझ्याशी वाद घालायचं तिने लहानपणीच सोडलं होतं.

हे चेंबर म्युझिक म्हणजे काय ते मलाही आधी ठाऊक नव्हतं. चार जणं अर्धगोल करून खुर्च्यांवर बसतात. दोन व्हायोलिन, त्याहून जरा थोराड एक व्हायोला, आणि गुडघ्यांत धरून वाजवायचा चेलो. तबला नाही, तंबोरा नाही, गाणारं कोणी नाही. समोर कागद ठेवून वाजवतात आणि एकमेकांच्या श्वासाकडे बघून सुरुवात करतात. नूपुर पहिलं व्हायोलिन. दुसरं उन्नतीकडे, व्हायोला दुर्गेशकडे, चेलो ऋषीकडे. चौघंही एकाच मिशन शाळेच्या सरांकडे शिकलेली. घर मोठं नको, मंडप नको, वीस-तीस माणसं जवळ बसून ऐकतील एवढंच पाहिजे, असं हे संगीत. मला ते तेव्हा जरा गरीबच वाटलं.

कारण मी नाटकातल्या गाण्यांवर वाढलेला माणूस. तुम्हीही त्यातलेच, म्हणून सांगतो. पद रंगलं की आपल्याला गप्प बसवत नाही. कोणीतरी ओरडायचं, "वन्स मोअर", की राजा असो नाहीतर संन्यासी, नट तसाच पुढे यायचा आणि पद पुन्हा म्हणायचा. तोवर नाटक थांबलेलं. एकेका पदाला चार-चारदा मागितलेलं मी ऐकलं आहे. आणि खरं सांगू? मजा गाण्याची अर्धी, मागण्याची अर्धी. एवढा मोठा गवई आपल्या एका शब्दावर परत तोंड उघडतो, ह्याची ऐट काही वेगळीच असते.

ती ऐट मी घरीही करून घेतली. नूपुर सात-आठ वर्षांची असेल. पाहुणे आले की तिला व्हायोलिन घेऊन उभं करायचो. वाजवून झालं की म्हणायचो, "परत एकदा. काकांना नीट ऐकू नाही आलं." पोर पेंगुळलेली असायची, पण एक ठरलेलं हसू आणायची आणि परत वाजवायची. माझी बायको अस्मिता स्वयंपाकघराच्या दारातून मला डोळे दाखवायची. पाच वर्षांपूर्वी ती गेली. त्यानंतर घरात मला डोळे दाखवणारं कोणी राहिलं नाही.

आता मुख्य गोष्ट. गेल्या दिवाळीपासून नूपुरच्या डाव्या हाताची नस दुखावली होती. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं, दिवसाला अर्धा तास वाजवायचं, त्यावर नाही. एखाद्या दिवशी हट्टाने ताणलं तर बोटं कायमची जातील. आणि मार्चमध्ये तिची मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रासाठी निवड व्हायची होती. त्या जागेसाठी पोरीने सात वर्षं घातली होती, लग्नाची दोन स्थळं परत पाठवली होती. म्हणून ह्या कार्यक्रमात तिने मिनिटं मोजून घेतली. आधी अडीचशे वर्षांपूर्वीची एक परदेशी रचना, चोवीस मिनिटांची. मग मध्यंतर. नंतरच्या आधुनिक रचना बाकीचे तिघं वाजवणार, आणि सगळ्यात शेवटी चौघांसाठी तिने स्वतः लिहिलेला चार मिनिटांचा तुकडा. झाली अठ्ठावीस. हे मला माहीत होतं, सुमंतराव. मला सगळं माहीत होतं.

सहा वाजता सुरू झालं. तीसएक माणसं होती. मी चौथ्या रांगेत कडेला बसलो. माझ्या मागे कोणी नव्हतं, मागच्या चारही रांगा रिकाम्या. खुर्च्या सिनेमागृहातल्यासारख्या, उठलं की बैठक वर जाऊन पाठीला चिकटते. मागच्या सगळ्या बैठका वर होत्या. हे लक्षात ठेवा.

जुन्या रचनेचा पहिला भाग संपला तसा मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. पुढचे दोघं-तिघं वळून बघायला लागले. भाग संपला तरी रचना संपलेली नसते, मध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात, हे नूपुरने मला दहादा सांगितलं होतं. तिने स्टेजवरून पाहिलं, पण रागावली नाही. एकूण छान झालं. दुसरा भाग संथ होता, आणि तो चेलो असा काही बोलत होता की मी खिशातल्या सुपारीला हात लावला नाही. हात दुखून राहिला असेल तर पोरीच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

मध्यंतरात चहा होता. तिथे भीमाबाई कप गोळा करत होती. हॉलची झाडझूड तिच्याकडे, साठीची बाई, तोंडात मिश्री. माझ्याजवळ येऊन थांबली.

"भाऊ, मंधात टाळ्या तुम्हीच वाजवून राहिले होते ना?"

"हो. काहून?"

"टाळ्याचं काई नाही. पण कोणाले दुसऱ्यांदा वाजवाले मांगू नका. इथं मांगत नाहीत."

"काहून नाही मागत?"

"पह्यले इथं नाटकं होत जात. तईपासून मांगत नाहीत," एवढं म्हणाली आणि माझ्या हातातला कप अर्धा चहा असतानाच घेऊन गेली. मला राग आला. गाण्याबजावण्यातलं मला शिकवणारी ही कोण, असं वाटलं. तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

मध्यंतर संपलं. आधुनिक रचना म्हणजे काय सांगू... मध्येच तारेवर करकर, मध्येच लाकडावर बोटाचा ठोका, मध्येच पाच-पाच सेकंद काहीच नाही. मी कंटाळून इकडेतिकडे बघत होतो. तेव्हा पहिल्यांदा तो वास आला. रॉकेलच्या बत्तीचा, डोक्याला लावायच्या चमेलीच्या तेलाचा, आणि त्यात तंबाखूचा. वाटलं, पुढच्या माणसाचा असेल. पण तो मागून येत होता.

मग नूपुर परत येऊन बसली.

तिच्या तुकड्याबद्दल मला नीट सांगता येणार नाही. सुरुवातीला तिचा एकटीचा एक सूर, खूप वेळ धरलेला, एवढा बारीक की आहे की नाही कळू नये. मग बाकीचे तिघं खालून एकेक येतात आणि तो सूर तसाच राहतो, हलत नाही, आणि शेवटी ती एकदम जिना चढल्यासारखी वर जाते आणि तिथेच सोडून देते. उतरत नाही. चार मिनिटं. ही आपली पोर, हे हिने लिहिलं, मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना. मी उठून उभा राहिलो. ठरवून नाही. तोंडातून निघून गेलं.

"वन्स मोअर."

एक-दोघं हसले. कोणीतरी पुस्तीही जोडली असेल, आठवत नाही. नूपुरने आधी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग तेच पाहुण्यांसमोरचं हसू आणलं आणि गज उचलला. मी मनात हिशेब केला, बत्तीस होतील. दोन मिनिटांनी काय होतं?

दुसऱ्यांदा वाजवून झालं. मी खाली बसलो. टाळ्यांसाठी हात उचलले, तेवढ्यात मागून आवाज आला.

"वन्स मोअर."

म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज. घरंदाज, सवयीचा, जरा घोगरा. मला आधी बरंच वाटलं, की चला, मी एकटाच नाही. मी वळून बघितलं. मागे माणूस नव्हता. पण खुर्च्यांच्या बैठका... सुमंतराव, चारही रांगांतल्या बैठका खाली होत्या. माणूस बसल्यावर असतात तशा. काही नुकत्याच खाली येऊन अजून किंचित हलत होत्या.

नूपुरने तिसऱ्यांदा गज लावला.

मी पुढे बघितलं तर ऋषी, उन्नती, दुर्गेश तिघांचेही गज मांडीवर. तिघंही समोर कुठेतरी बघत बसलेले, पापणी हलत नव्हती. वाजवत होती एकटी नूपुर. आणि तरी चारही वाद्यं ऐकू येत होती. खालचे तिघं येत होते, आपापल्या जागी, बिनचूक. पुढच्या रांगांतली माणसंही तशीच, हात मांडीवर, मान सरळ. मी शेजारच्या गृहस्थांना कोपराने ढोसलं. ते हलले नाहीत. अंग ऊबदार होतं, पण हलले नाहीत. माझ्या घड्याळात सात वाजून चौदा मिनिटं झाली होती आणि सेकंदकाटा एका जागी थरथरत होता.

मग माझ्या खांद्यावर हात पडला. मागून. थंड वगैरे नव्हता हो, चांगला जड, मित्राचा असतो तसा हात. आणि कानाजवळ कोणीतरी विचारलं, "पोर कोणाची?"

मी म्हटलं, "माझी."

"वा," तो म्हणाला. आणि त्याच्या मागे दोघं-तिघं पुटपुटले, "ह्यांची... ह्यांची पोर." सबंध रांगांतून ते मागेपर्यंत जाताना मला ऐकू येत होतं.

मी घाबरलो नव्हतो का? घाबरलो होतो. पण त्या भीतीत एक गोडीही होती, ती आज तुम्हाला सांगतो. मी आयुष्यभर बाराव्या रांगेत बसून दुसऱ्यांना दाद दिलेला माणूस. मला कोणी कधी विचारलं नव्हतं, तुम्ही कोण.

तिसऱ्यांदाचा सूर चालू असतानाच कोणीतरी माझ्या गुडघ्याला धरलं. भीमाबाई होती. खुर्च्यांच्या मधून वाकून, जवळजवळ रांगत आली होती, मागे अजिबात न बघता.

"मांगितलंच ना तुम्ही..." ती कुजबुजली. "आता ऐका. इथं एक बाई गात होती. माह्या आजीच्या टायमाले. लोकायनं नऊ खेपा गाऊन घेतलं. नरड्यातून रक्त आलं तरी मांगून राहिले होते. ज्यानं पह्यल्यानं मांगलं, त्यानं 'पुरे' म्हणाव लागते. मंगच थांबते. दुसऱ्या कोणाचं ऐकत नाहीत ते. त्या बाईच्या खेपेले तो माणूस बोललाच नाही."

"कोण माणूस?"

"मले काय ठाव? म्हणा ना भाऊ, पुरे म्हणा. पोरीच्या हाताकडं पाहा."

मी पाहिलं. नूपुरचं मनगट थरथरत होतं. व्हायोलिन हनुवटीखाली, बोलता येत नव्हतं, पण ती माझ्याकडेच बघून राहिली होती, आणि मान अगदी थोडी, एवढीशी, नाही नाही म्हणून हलवत होती. हॉल तो केवढा? दहा-बारा पावलांवर मी. भीमाबाईचं कुजबुजणं तिला ऐकू गेलं असेल का, मला माहीत नाही. नसेल गेलं, असं मी धरून चालतो.

तिसऱ्यांदा संपलं. आता म्हणायचं होतं. एक शब्द. माझ्या ओठांवर होता.

मागून चार-पाच आवाजांत आलं, "वन्स मोअर." आणि खांद्यावरचा हात दाबून म्हणाला, "पोर कोणाची म्हणालात?"

"माझी," मी म्हटलं. आणि दुसरं काही म्हटलं नाही.

चौथ्यांदा ती अशी वाजवायला लागली की काय सांगू. तो वर चढायचा तुकडा आधी जिना होता, आता पायऱ्याच राहिल्या नाहीत. मी उभ्या आयुष्यात तसं ऐकलं नव्हतं, परत ऐकणार नाही. भीमाबाई माझा गुडघा हलवत होती, "म्हणा ना, म्हणा ना..." मी तिचा हात काढून टाकला. हो, काढून टाकला. जरा जोरात. ती खाली बसून रडायला लागली आणि मला तिच्या रडण्याचा त्रास व्हायला लागला, कारण ऐकू येत नव्हतं नीट.

पाचव्यांदा तिच्या बोटांच्या टोकांची कातडी गेली. तारांखालच्या काळ्या पट्टीवर लाल चमकत होतं. मी मनाशी म्हटलं, हे एक होऊ दे, मग म्हणतो. सहाव्यांदाही तेच म्हटलं. मागे आता सगळे बोलत होते, माझ्याबद्दल. "घराण्यातच असणार." "बापाने मेहनत घेतली आहे." कोणीतरी माझ्यासमोर पानाचा डबा धरला, मी घेतला नाही, पण हात जोडले. नूपुर आता मान हलवत नव्हती. तिच्या डोळ्यांतून पाणी व्हायोलिनवर पडत होतं आणि चेहऱ्यावर ते हसू होतं. पाहुण्यांसमोरचं. ते तिने कधी आणलं, मला दिसलं नाही.

सातव्यांदा संपलं. मी वाट बघत होतो. त्याने विचारावं म्हणून. आणि तो हात माझ्या खांद्यावरून निघाला. कानाजवळ कोणी आलं नाही. मागून तोच घोगरा आवाज, पण आता माझ्याशी नाही, आपसात, समाधानाने म्हणाला, "पोर आता आपली."

तेव्हा मी ओरडलो. "पुरे."

कळलं ना तुम्हाला? तिच्या हातासाठी नाही ओरडलो. रक्तासाठी नाही. ते तिला आपली म्हणाले म्हणून.

मागे सगळ्या बैठका एकदम वर आपटल्या. पुढची माणसं मघाशी राहून गेलेल्या टाळ्या वाजवायला लागली. आणि नूपुर खुर्चीवरून खाली पडली. माझ्या घड्याळात सात वाजून पंधरा.

कोणालाही विचारा, ऋषीला विचारा. तुकडा दोनदा झाला, काकांनी वन्स मोअर मागितला आणि दुसऱ्यांदा संपताना नूपुरला चक्कर आली, एवढंच सगळे सांगतात. डॉक्टरांनी मात्र मला बाजूला घेऊन विचारलं, "किती तास वाजवत होत्या ह्या?" बोटांच्या टोकांना हाड दिसत होतं. अर्ध्या तासात असं होत नाही, ते म्हणाले, आठ तासांत होईल. नस गेली. डावा हात मनगटापासून खाली लोंबतो. मार्च आला आणि गेला. तिचं व्हायोलिन उन्नती येऊन घेऊन गेली, घरात ठेवू नका म्हणाली.

भीमाबाईने काम सोडलं. हुडकेश्वरला मुलीकडे राहायला गेली. मी जाऊन आलो. दार उघडलं, मला पाहिलं आणि लावून घेतलं.

आणि नूपुरला काही आठवत नव्हतं. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी इथेच बसली, तुम्ही बसला आहात त्या खुर्चीच्या समोर, आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या वन्स मोअरला गज उचलल्यानंतरचं मला काहीच आठवत नाही. काय झालं ते सांगा ना."

मी सांगितलं, चक्कर आली. तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा येऊन बसली. "परत सांगा." मी जरा जास्त सांगितलं. मागून आवाज आले, मी लगेच पुरे म्हटलं, असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी परत. तेव्हा म्हटलं, तिसऱ्यांदा संपल्यावर म्हटलं, पण घशातून आवाज निघाला नाही. चौथ्या दिवशी सांगितलं, त्यात मला तुझी आई गाताना ऐकू येत होती म्हणून थांबलो. बघा, काय काय रचलं मी. रोज ती शांतपणे ऐकायची, रागवायची नाही, खोदून विचारायची नाही. नुसतं, "परत सांगा." पाचव्या दिवशी माझ्याने खोटं बोलवेना. तुम्हाला आता सांगितलं तसं सगळं सांगितलं. भीमाबाईचा हात झिडकारला तेही सांगितलं. ते लोक मला काय म्हणत होते तेही. सांगून झालं आणि मी तोंड झाकून रडलो. वाटलं, आता ही उठून जाईल, नाहीतर थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "पुन्हा एकदा, बाबा."

मी पुन्हा सांगितलं. त्या संध्याकाळी चारदा सांगितलं.

आज किती महिने झाले मोजा. एकही संध्याकाळ सुटलेली नाही. मी मुद्दाम बाहेर जाऊन बसलो, तरी सात वाजले की तोंड आपोआप सुरू होतं, रस्त्यावर, देवळात, कुठेही. माझा घसा तुम्हाला ऐकू येतोच आहे. परवापासून थुंकीत लाल येतं. डॉक्टर म्हणाले, बोलणं बंद ठेवा. मी त्यांना काय सांगू? नूपुरच्या पाया पडलो, म्हटलं, बाई, मागणारी तू आहेस, तूच पुरे म्हण. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला नियम कळला आहे, मीच तर रोज सांगतो.

तुम्ही आलात तेव्हा आजचं एकदा सांगून झालं होतं. ती पडली आहे म्हणालो, झोपली आहे म्हणालो नाही.

हॉल घ्यायचा तर घ्या, सुमंतराव. आता तिथे काही नाही. मी मागच्या आठवड्यात जाऊन एकटा बसून आलो, मागच्या रांगेत. नुसता हॉल आहे, चुन्याचा वास येतो. ते तिथून उठून गेले आहेत.

काल संध्याकाळी अशीच लाइट गेली होती. मी सांगून थांबलो. नूपुर "पुन्हा एकदा" म्हणाली, आणि तिच्या मागे, आतल्या खोलीत, जिथे एक पलंग आणि एक कपाट ह्याशिवाय काही नाही, तिथे बरीच माणसं सावरून बसल्याचा आवाज आला. खाकरल्याचा. धोतराचा. मग कोणीतरी तिच्या कानाशी येऊन, मोठ्या कौतुकाने विचारलं, "बाप कोणाचा?"

नूपुरने मान वळवून पाहिलंही नाही. माझ्याकडे बघून गोड हसली आणि म्हणाली, "माझा."